डब्याला विचारून लागणारी बत्ती

किस्से गोळा करायचे असतील तर ट्रकच्या गॅरेजसारखी जागा नाही. गाडी उभी राहिली की ड्रायव्हरला काम नसतं. रस्त्यावर हॉर्नशिवाय काही न बोलणारा माणूस गॅरेजातल्या बाकड्यावर बसला की घरदार, पोरंबाळं सगळं सांगून मोकळा होतो. त्यात आमचं काम वायरिंगचं. म्हणजे डोकं डॅशबोर्डखाली, पाय बाहेर आणि कान मोकळे! मग साठत जातात. हसायला लावणारे कमी, गप्प करणारेच जास्त. आता मित्र म्हणतात, सांग एखादा. एखादा कसा सांगणार? एक ओढला की त्याच्या मागून दुसरा येतो.

आमचं शेड नाशिकला, आडगाव नाक्याच्या पुढे, हायवेला लागून. मालक नाना. मूळचे सटाण्याचे, वायरिंगमध्ये आयुष्य गेलेलं. इंजिन आणि बाकी सगळं बघायला सलीमभाई, मालेगावचे. आणि मी सुधाकर, पंचवटीतला, आयटीआय करून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नानांकडे लागलो तो तिथेच राहिलो.

तेव्हा ट्रकचं वायरिंग म्हणजे सरळ माणसासारखं होतं. बटण दाबलं की करंट निघाला, वायरीतून गेला, बल्ब लागला. नाही लागला तर वाटेत कुठेतरी तुटलंय. शोधा आणि जोडा.

* * *

त्या काळातला पहिला आठवतो तो घोटीचा.

तांदळाच्या गोण्या भरलेला एक ट्रक घोटीला बंद पडला म्हणून मी तिकडे गेलो होतो. गाडी चालू करणारा सेल्फ दुरुस्त केला आणि त्याच ट्रकमधून परत निघालो. पेठेतून बाहेर पडतोय तोच समोरून अंत्ययात्रा आली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, इंजिन मंद केलं, कपाळाला हात लावला. आणि नेमका त्याच वेळी हॉर्न चिकटला!

हॉर्नला करंट सोडणारा रिले अडकला होता. हॉर्न काही थांबेना. सगळा रस्ता आमच्याकडे बघायला लागला. ड्रायव्हर बिचारा स्टेअरिंगवर हात आपटतोय, त्याच्या कपाळावर घाम. मी उडी मारून खाली आलो, पुढच्या जाळीत हात घातला आणि हॉर्नची वायर उपटली. एकदम शांत झालं. ती शांतता तर त्याहून वाईट.

ड्रायव्हर खाली उतरून हात जोडून उभा राहिला. "माफ करा. मुद्दाम नाय केलं."

पुढे मडकं धरून चालणारा मुलगा थांबला. माझ्याच वयाचा असेल. ट्रककडे बघून म्हणाला, "आमचे बाबा ड्रायव्हरच होते. जन्मभर याच रस्त्याला गाडी चालवली." मग उपटलेल्या वायरीकडे बघितलं. "वाजू द्या की जरा."

मी हातातली वायर परत जोडली.

* * *

मग दोन हजार साल उलटून काही वर्षं गेल्यावर नव्या गाड्या यायला लागल्या. त्यातली पहिली आमच्याकडे आली ती इंडिकेटर लागत नाही म्हणून. नानांनी सवयीने डॅशबोर्डचा पत्रा काढला, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर शोधायला हात घातला आणि हात तसाच राहिला. फ्लॅशर नव्हताच. एक काळा डबा होता, पाठ्यपुस्तकाएवढा, आणि त्यात चारी बाजूंनी शिरलेल्या वायरींचे जुडगे.

"हाई काय शे भो?" नाना सटाण्याच्या बोलीत पुटपुटले. अडचण आली की त्यांची ती बोली बाहेर यायची.

मी थोडं वाचून ठेवलं होतं. म्हटलं, "नाना, याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. आता बटण दाबलं की करंट बल्बकडे जात नाही. बटण फक्त या डब्याला सांगतं, की बाबा, उजवा इंडिकेटर पाहिजे. मग डबा ठरवतो आणि करंट सोडतो. बत्ती, वायपर, हॉर्न, सगळं याच्या हातात."

सलीमभाई पान्याने पाठ खाजवत ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे अर्ज करायचा!"

"तसंच."

"और साहब जागेवर नसले तर?"

तेव्हा आम्ही तिघंही हसलो.

* * *

साहेब जागेवर नाहीत, हे ओळखणं मात्र सोपं नव्हतं. डबा गेला, डबा गेला म्हणून लोक यायचे, आणि डबा ठणठणीत निघायचा. म्हणून नानांनी नियम केला. डब्याला हात लावायचा नाही. आधी बॅटरी बघायची, मग फ्यूज, मग अर्थ म्हणजे करंट परत जायची वायर, मग कनेक्टरमध्ये पाणी गेलंय का ते. डब्यात करंट बरोबर येतोय, बटणाचा निरोप पोचतोय आणि तरी पुढे काही जात नाही, एवढं मीटरवर दिसलं तरच डब्यावर बोट ठेवायचं. "कुणाला बदला म्हणायच्या आधी त्याचं ऐकून घ्यावं," म्हणायचे.

नामदेव म्हणून एक ड्रायव्हर होता, पेठकडचा. उजवीकडे वळायला इंडिकेटर दिला की त्याच्या ट्रकचा वायपर चालू व्हायचा! कोरड्या काचेवर खर्र खर्र. दोन ठिकाणी दाखवून आला होता, दोन्हीकडे डबा बदला म्हणून सांगितलेलं. पण त्याचं म्हणणं वेगळंच होतं.

"वणीला गडावर जायचा नवस बोललो होतो, आईच्या दुखण्यासाठी. वर्ष झालं, गेलो नाय. देवी आडवी येती."

नानांनी ऐकून घेतलं आणि केबिनखाली शिरले. अर्थची वायर जिथे चासीला बसते तिथला बोल्ट गंजून गेलेला. परतीचा रस्ताच बंद, म्हणून करंट भलत्या वायरीतून वाट काढत होता. पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला. इंडिकेटर दिला, फक्त इंडिकेटर लागला.

नामदेव गोंधळला. बराच वेळ वायपरकडे बघत राहिला. मग विचारलं, "मंग आता गडावर नाय गेलो तर चालंल?"

"आई कशी आहे?" नानांनी विचारलं.

"तशीच हाय."

"मग गाडीसाठी नको जाऊस. तिला घेऊन जा."

* * *

मुंग्यांचा किस्सा सलीमभाईंचा. म्हणजे घडला माझ्यासमोर, पण आहे त्यांचाच.

दसऱ्यानंतरची गोष्ट. खंडेनवमीला गाड्यांची पूजा होते, नारळ फुटतात. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने भक्तिभावाने नारळ फोडला तो थेट केबिनमध्ये, डॅशबोर्डच्या काठावर! गोड पाणी फटीतून आत उतरलं. आठ-पंधरा दिवसांत दरवाजा उघडला की हॉर्न, ब्रेक दाबला की आतला दिवा, असे खेळ सुरू झाले.

मी डबा काढून उघडला तर आत मुंग्या. नुसत्या फिरत नव्हत्या, कोपऱ्यात पांढरी अंडी घालून वस्तीच केलेली. मी कॉम्प्रेसरचा पाइप घेतला. एक फुंकर मारली की साफ.

"थांबा थांबा!" म्हातारा आडवा आला. "नारळ मीच फोडला न बाबा. त्या परसाद खायला आल्या. मारू नका."

मला हसूच आलं. पाइप त्याच्या डोक्यावरून पुढे नेला, तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद झाला. बटणाजवळ सलीमभाई उभे होते. त्यांनी चहावाल्याकडून साखर आणली, डबा उन्हात पत्र्यावर ठेवला, शेजारी कागदावर साखर पसरली आणि स्वतःही बाजूला उकिडवे बसले. मुंग्या हळूहळू निघाल्या. तोंडात अंडी धरून, ओळीने.

"सलीमभाई, अर्धा दिवस जाईल अशानं," मी म्हटलं.

त्याच वर्षी रस्ता रुंद करताना त्यांचं घर गेलं होतं. त्याबद्दल शेडमध्ये ते कधी बोलले नव्हते.

"जाऊ दे," ते म्हणाले. "सामान तरी काढू दे त्यांना."

डबा मात्र वाचला नाही. नवा बसवावा लागला.

* * *

नवा डबा बसवणं म्हणजे जुना काढून नवा ठोकणं नव्हे, हे आम्हाला अनघा मॅडमनी शिकवलं. मॅडम इंजिनिअर, अंबड भागातल्या एका सर्व्हिस सेंटरला होत्या. लॅपटॉप घेऊन यायच्या, तासभर काम करून जायच्या. बोलणं मोजकं, पण विचारलेलं नीट समजावून सांगायच्या.

पहिल्यांदा आम्ही आमच्याच मनाने नवा डबा लावला तेव्हा गाडी मेल्यासारखी. करंट आहे, अर्थ आहे, डबा कोरा करकरीत, आणि एक दिवा लागेना. मॅडमनी केबल जोडली, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाल्या, "याला अजून ओळखच नाही नाना. गाडी कोणती, तिला दिवे किती, वायपरची मोटर कसली, काहीच माहीत नाही. नुसता आणून बसवलाय. या गाडीच्या सवयी त्याला सांगाव्या लागतील. मग तो इथलाच होऊन जाईल."

नाना स्टुलावर बसले होते. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होऊन महिना झाला नव्हता. ती तिकडे सोलापूरकडे दिलेली. पाठवणीच्या दिवशी नाना रडले नव्हते, त्याचंच आम्हाला नवल वाटलं होतं.

"आणि जुन्या गाडीचं जे माहीत असेल ते?" त्यांनी विचारलं.

"हा नवाच आहे ना. पण समजा दुसऱ्या गाडीचा काढून इथे लावला, तर जुनं पुसावं लागतं."

"पुसावंच लागतं?"

"हो. नाहीतर इथे नीट चालणार नाही."

मॅडमनी काही बटणं दाबली, स्क्रीनवर पट्टी सरकायला लागली.

"रुळायला किती वेळ लागतो, मॅडम?"

"पाच-दहा मिनिटं. का हो?"

"नाही, सहज," म्हणत नाना उठले आणि मोबाइल घेऊन शेडच्या मागे गेले.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

अण्णाशेठ म्हणून आमचे जुने गिऱ्हाईक होते. पिंपळगावला राहायचे, चार ट्रक. त्यातल्या एका नव्या ट्रकवर कैलास नावाचा ड्रायव्हर होता, देवळ्याचा. शांत पोरगा, तिशीचा. व्यसन नाही. मुंबईला कांदा पोचवून परत येताना एकदा त्याने आपल्या दाजींना बरोबर घेतलं. म्हणजे थोरल्या बहिणीचे, मंगलताईचे यजमान. ते मुंबईला कामासाठी गेले होते, आयती गाडी मिळाली.

संध्याकाळची वेळ. कसारा घाट चढून आले, इगतपुरी मागे पडली, रस्ता सपाट झाला, गाडीने वेग घेतला. दिवस नुकताच मावळला होता, वर पावसाळी धुकं. घोटीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक कंटेनर बंद पडून उभा होता. कैलासचा ट्रक त्याच्यावर मागून आदळला. डावी बाजू चेपली. दाजी जागीच गेले. कैलासला खरचटलं फक्त.

तो एकच सांगत राहिला, "बत्ती गेली. एकाएकी दोन्ही बत्त्या गेल्या."

पण उजवीकडची बत्ती शाबूत राहिली होती. लोकांनी बटण दाबून बघितलं, लख्ख लागली! पुन्हा दाबलं, पुन्हा लागली. पुढे काय बोलणार? डुलकी लागली असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. अण्णाशेठनी त्याला कामावरून काढलं. मंगलताई त्याच्याशी बोलायची बंद झाली. त्याच गल्लीत राहायची, पण बोलायची नाही. कैलासने पुन्हा स्टेअरिंग धरलं नाही. देवळ्याला मार्केटात कांद्याच्या गोण्या शिवायला लागला.

शेठनी ट्रकचं तोंड दुसऱ्या गॅरेजात नवं करून घेतलं, नवा ड्रायव्हर ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात तोच ट्रक आमच्याकडे आला. नवा ड्रायव्हर म्हणाला, "नाना, घाट चढून आलो आणि बत्ती गेली. कडेला घेतली, बिडी ओढली, परत लागली. आता कितीदाही लावा, लागतीये."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी नानांकडे.

आम्ही सगळं क्रमाने केलं. बॅटरी, फ्यूज, अर्थ, कनेक्टर. सगळं चोख. बटणाचा निरोप डब्यापर्यंत बरोबर जात होता. बत्ती लावून ठेवली, लागूनच राहिली. मग नाना म्हणाले, "घाट चढल्यावर जाते म्हणतो. तापल्यावर जात असेल. याला तापवून बघ."

मी समोरच्या सलूनमधून केस वाळवायचा ड्रायर मागून आणला आणि डब्यावर गरम हवा सोडत बसलो. थोड्या वेळाने दोन्ही बत्त्या एकदम गेल्या. मीटरवर बघितलं. डब्यात करंट येतोय, निरोप येतोय, पुढे काही नाही. गार होऊ दिलं. लागल्या. पुन्हा तापवलं. गेल्या. डबा उघडून भिंग लावलं तेव्हा दिसलं, बत्तीचा करंट जिथून बाहेर पडतो तिथल्या सोल्डरच्या टाक्याला केसासारखी चीर होती. तापलं की ती उघडायची, गार झालं की मिटायची.

नानांनी अण्णाशेठना फोन केला. फोनवर काही सांगितलं नाही, फक्त या म्हणाले.

शेठ आले. मी डबा पुन्हा जोडून ठेवला होता. नानांनी शेडची दारं लावून घेतली, आत अंधार झाला. "शेठ, ड्रायव्हरच्या जागी बसा." शेठ चढून बसले. बत्तीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता. मी ड्रायर चालू केला. फक्त ड्रायरचा आवाज.

आणि भिंत गेली. अंधार झाला.

त्या अंधारात ब्रेक दाबल्याचा आवाज आला. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, तरी शेठनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला होता.

सलीमभाईंनी दार उघडलं तेव्हाही त्यांचा पाय ब्रेकवरच होता.

"पुन्हा करू का?" मी विचारलं.

"नको," शेठ म्हणाले.

अनघा मॅडमना बोलावून नवा डबा बसवला, त्याला गाडीची ओळख करून दिली. जुना डबा मी भंगारात टाकायला निघालो तर शेठ म्हणाले, "तो मला द्या." मग नानांना आणि मला म्हणाले, "तुम्ही दोघं चला माझ्याबरोबर. मला नाही सांगता येणार."

देवळ्याला पोचलो तेव्हा कैलास दुपारचा घरी आला होता. अंगणातच उभं राहून नानांनी सगळं सांगितलं. चीर कुठे होती, ती केव्हा उघडायची, बटण दाबल्यावर बत्ती का लागली. शेठनी डबा पुढे केला. कैलासने हातात घेतला, उलटा केला, बघितला.

"याचं ऐकलंत शेठ," तो म्हणाला. "मीबी हेच सांगत होतो."

शेठनी मान खाली घातली. "चुकलो रे. गाडी तुझीच आहे. केव्हाही ये."

"गाडीचं राहू द्या." त्याने डबा शेठच्या हातात परत दिला. "आधी ताईकडं चला. तिथं सांगा."

गल्लीच्या टोकाला घर. मंगलताई ओट्यावर सुपात लसूण सोलत बसली होती. आम्हाला बघून पदर सावरला, भावाकडे मात्र बघितलं नाही. नानांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी जास्त सावकाश. ती लसूण सोलत ऐकत होती. शेठनी डबा ओट्यावर ठेवला, चीर कुठे आहे ते मी बोटाने दाखवलं. तिने डब्याकडे एकदाच बघितलं.

मग सूप बाजूला सारलं आणि कैलासकडे मान वर करून विचारलं,

"म्हणजे तू जागा होतास?"

"जागा होतो, ताई."

"मग त्यांचं बोलणं ऐकलं असशील तू. शेवटचं." तिने ओट्यावर शेजारी जागा केली. "काय म्हणत होते रे?"

कैलास तिच्याजवळ बसला. आम्ही तिघं ओट्यावरून उतरून रस्त्यावर आलो.